पेपर खवट होतो तेव्हा

पॉलिहाऊसच्या छताचा पेपर मागच्या महिन्यात उतरवला. उतरवला म्हणायचं ते सवयीनं, कारण बराचसा हातातच तुटत होता. जिथं जिथं तो पाइपाला टेकतो तिथं बोट दाबलं की उडदाच्या पापडासारखा मोडायचा. दोन पाइपांच्या मधला भाग मात्र अजून ताणला जात होता. हमी ३६ महिन्यांची, आणि पेपर गेला २२व्या महिन्यात, तोही जानेवारीत. गुलाबवाल्यांना जानेवारी म्हणजे काय ते सांगायला नको. व्हॅलेंटाइनचा माल झाडावर आणि वर छताला भोकं. चिकटपट्ट्या लावून कसाबसा हंगाम काढला.

कंपनीनं पेपरचा तुकडा मागवला, तपासला आणि दोन ओळींचं उत्तर पाठवलं. पेपरमध्ये गंधकाचं प्रमाण मर्यादेबाहेर आहे, हमी लागू नाही.

आधी राग आला. मग शांतपणे हिशेब केला तर गंधक आम्हीच दिलेलं, भुरीसाठी, कितीतरी महिने जवळजवळ रोज रात्री. हमीच्या कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ती अट होतीही. पण वाचली होती कुणी?

तेव्हापासून हा पेपर म्हणजे नक्की काय, तो मरतो कशानं आणि त्याला जगवायची विद्या कुणी कशी शोधली, हे मिळेल तिथून वाचत आलोय. आज एकत्र लिहून ठेवतो. पोस्ट मोठी आहे मंडळी, चहा घेऊन बसा.

आपल्या मावळात पावसापासून झाकायची जुनी वस्तू म्हणजे इरलं. बांबूच्या कांबट्यांचा सांगाडा, मधे पानं दाबलेली, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं. आजी आवणीला जायची ती इरलं घेऊनच. दोन-तीन पावसाळे चालायचं, मग चुलीत. माझ्या शाळेच्या दिवसांत इरली जाऊन प्लास्टिकच्या कागदाच्या खोळी आल्या. हलक्या, पाणी आत येत नाही, आणि खताच्या गोणीच्या आतला कागद असला तर फुकट. पण दुसऱ्या वर्षी घड्या घातलेल्या जागी चिरा जायच्या. आजी म्हणायची, "याला ऊन लागलं." तिचं निदान अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं म्हणजे हवा.

ते समजायला आधी काचेकडं बघावं लागतं, आणि काच आपल्याला परकी नाही. तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून फंड उभा केला, टिळकांनी पाठबळ दिलं, आणि परदेशात काचेचं तंत्र शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी भट्टी पेटवली. काच म्हणजे मूळची वाळू. वाळूतलं सिलिकॉन आधीच ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. जळायचं ते जळून झालेलं. म्हणून काचेला शंभर वर्षं ऊन दाखवा, हवा तिचं काही बिघडवत नाही.

प्लास्टिकचं उलटं. पॉलिथीन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची लांबलचक साखळी. मेणबत्तीचं मेण त्याच्याच घराण्यातलं, फक्त साखळी फार आखूड. म्हणजे छतावर आपण इंधनच अंथरतो म्हणा ना. ते ज्वाळा न दाखवता, धूर न काढता, हळूहळू हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जातं. ऊन या कामाला सुरुवात करून देतं आणि उष्णता वेग देते, पण खाणारा असतो ऑक्सिजन.

घरातलं उदाहरण घ्या. लोणावळ्याहून शेंगदाण्याची चिक्की आणली, पुडा फोडून तसाच ठेवला, दोन महिन्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. खवट. शेंगदाण्यातल्या तेलाला हवा लागली. पेपरचं जे होतं ते हेच, अगदी हेच. तेलाची साखळी आखूड म्हणून ती तुटली की वास येतो, पेपरची लांब म्हणून ती तुटली की कडकपणा येतो. चिप्सच्या पाकिटावर कधीकधी बीएचटी असं बारीक लिहिलेलं असतं. तेल खवट होऊ नये म्हणून घातलेला तो पदार्थ प्लास्टिकमध्येही घालतात, त्याच कामाला.

हे ऑक्सिजनचं प्रकरण पहिल्यांदा पकडलं गेलं त्यात आपल्या देशाचाही हात आहे. रबराचा भाऊ म्हणावा असा गटापर्चा नावाचा झाडाचा चीक १९व्या शतकात तारयंत्राच्या तारांवर वेष्टण म्हणून वापरायचे. हिंदुस्थानातल्या तारांवरचं हे वेष्टण कडक होऊन भुगा व्हायला लागलं. लंडनमध्ये ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते तपासलं आणि १८६१ साली लिहिलं की या मालानं हवेतला ऑक्सिजन घेतलाय. युरोपात चाललेली वस्तू आपल्या उन्हात टिकली नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे बघा.

पुढचं पाऊल पडलं पहिल्या महायुद्धात, आणि तेही विषारी वायूच्या नादात. फ्रेंच लोकांना अ‍ॅक्रोलिन हा डोळे झोंबवणारा पदार्थ साठवायचा होता, पण तो ठेवला की बिघडायचा. शार्ल मूरो आणि शार्ल द्युफ्रेस यांना आढळलं की हायड्रोक्विनोनसारख्या पदार्थाची अगदी चिमूट घातली तरी ऑक्सिजनचं काम थांबतं. या चिमटीला त्यांनी 'अँटिऑक्सिजन' नाव दिलं. चिमूट पुरते म्हणजे बिघाड साखळीनं पुढं जात असणार, एकाला धरलं की मागचे हजार वाचतात, हा धडा त्यातून मिळाला. ती साखळी नीट मांडून दाखवली इंग्लंडातल्या रबर संशोधन संस्थेतल्या बोलँड आणि गी यांनी, १९४६ साली.

साखळी अशी. उन्हानं किंवा उष्णतेनं कुठंतरी एक बंध तुटतो आणि एक मोकाट तुकडा तयार होतो, ज्याला रसायनवाले फ्री रॅडिकल म्हणतात. तो लगेच ऑक्सिजन धरतो. ऑक्सिजन धरलेला हा तुकडा शेजारच्या साखळीतून हायड्रोजन ओढतो, म्हणजे आता शेजारी मोकाट झाला. हायड्रोजन ओढून जो पदार्थ बनला तो पेरॉक्साइड, तोही कच्चा, जरा ऊन लागलं की फुटून आणखी दोन मोकाट सोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. घोळक्यातली एक मेंढी उधळली की काय होतं ते आठवा.

म्हणूनच पेपर माणसासारखा सावकाश म्हातारा होत नाही. आत रक्षक शिल्लक आहे तोवर तो तरणाच दिसतो, आणि रक्षक संपला की महिना-दोन महिन्यांत खलास. आमचा पेपर दिवाळीत ठणठणीत होता. संक्रांतीला भोकं. तेव्हा वाटलं खराब लॉट आला असेल. आता कळतं की दिवाळीला तो फक्त दिसायला ठणठणीत होता.

खुद्द पॉलिथीनचा जन्मही ऑक्सिजनच्याच कृपेनं झालाय, ही त्यातली गंमत. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या विनिंग्टनच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट प्रचंड दाबाखाली इथिलीन वायूचा वेगळाच प्रयोग करत होते. भांड्यात शेवटी पांढरं मेणासारखं काहीतरी सापडलं. पुन्हा करून बघितलं तर कधी जमायचं, कधी स्फोट व्हायचा. डिसेंबर १९३५ मध्ये मायकल पेरिन यांच्या गटानं ते पक्कं जमवलं, आणि मग उलगडलं की इथिलीनमध्ये चुकून राहिलेल्या ऑक्सिजनच्या अंशामुळंच ही साखळी सुरू होते. जन्माला घालणारा आणि खाणारा एकच.

१ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे हिटलर पोलंडमध्ये घुसला त्याच दिवशी, मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं आणि सगळं पॉलिथीन गेलं रडारच्या तारांना. युद्ध संपल्यावर अमेरिकेत टेलिफोनच्या केबलवर शिशाऐवजी पॉलिथीनचं आवरण आलं. उघड्यावर ताणलेलं साधं पॉलिथीन चिरतं हे तिथंच कळलं. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेनं त्यावर उपाय काढला तो म्हणजे काजळी. दोन टक्क्यांच्या आसपास बारीक काजळी नीट मिसळली की ऊन आत शिरत नाही आणि आवरण दशकानुदशकं टिकतं. १९५० साली त्यांनी ते छापलं. आपली ठिबकची नळी काळी का असते, याचं उत्तर हे. शेताच्या कडेला दहा-बारा वर्षं उन्हात लोळलेली लॅटरल उचलून बघा, अजून वाकते. ज्या नळीत काजळी कमी किंवा गाठी-गाठीनं मिसळलेली असते ती मात्र दोन उन्हाळ्यांत तडकते. स्वस्त नळी घेऊन मी हेही करून बसलोय, पण ते पुन्हा केव्हातरी.

काजळीनं नळीचा प्रश्न सुटला, छताचा नाही. छतातून उजेड यायला हवा. काळं छत घालून गुलाब कसे पिकवणार?

काचघर परवडत नाही म्हणून प्लास्टिकचं घर करणारा पहिला माणूस म्हणून अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या एमेरी एमर्ट यांचं नाव घेतात. १९४८ साली त्यांनी लाकडी सांगाड्यावर सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पारदर्शक कागद ताणला. विद्यापीठाकडं काचेला पैसे नव्हते हो, दुसरं काही नाही. पुढं कागद पॉलिथीनचा झाला. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या उजाड किनाऱ्यावर १९६०च्या दशकात प्लास्टिकची घरं उभी राहायला लागली आणि आज तिथला सगळा किनाराच पांढरा दिसतो. सुरुवातीचा साधा पेपर एखादं वर्ष टिकायचा. दर हंगामाला नवा.

मग रक्षक शोधायची शर्यत लागली. आधी बेंझोफिनोन जातीचे पदार्थ आले. ते अतिनील किरण स्वतःच्या अंगावर घेतात आणि उष्णता करून सोडून देतात. पण २०० मायक्रॉनच्या पेपरात, म्हणजे आपल्या भाषेत ८०० गेजमध्ये, जाडीच एवढीशी. वरच्या पापुद्र्याला सावली करणारं कुणीच नाही. मग निकेलचे संयुग आले. त्यानं पेपर पिवळट हिरवा दिसायचा. जुन्या पॉलिहाऊसवाल्यांना तो रंग आठवत असेल. निकेलवाला पेपर औषधांना चांगला दाद देत नसे, पण उजेड थोडा खायचा, आणि निकेल पडला जड धातू, म्हणून तो मागं पडला.

खरी उडी मारली जपानच्या सांक्यो कंपनीनं आणि तिच्यासोबत स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगीनं, १९७०च्या दशकात. हिंडर्ड अमाइन नावाचं कुळ, बोलण्यात 'हाल्स'. हा किरण अडवतच नाही. तो त्या मोकाट तुकड्यांना धरतो. आणि गंमत अशी की धरल्यावर संपत नाही. उन्हात हाल्सचं रूप बदलतं, त्या रूपात तो एक मोकाट तुकडा अंगाला बांधून घेतो, पुढच्या ऑक्सिजनवाल्या तुकड्याशी गाठ पडली की त्यालाही निकामी करून स्वतः मोकळा होतो आणि पुन्हा कामावर. एकाच राखणदारानं रात्रभर फेऱ्या माराव्यात तसं. म्हणून अर्ध्या-पाऊण टक्क्यातसुद्धा पेपर तीन-तीन वर्षं तगायला लागला. सुरुवातीचे हाल्स छोट्या रेणूंचे होते, ते पेपरच्या पृष्ठभागावर येऊन उडून, धुपून जायचे. मग सिबानंच मोठ्या, साखळीसारख्या रेणूंचे हाल्स काढले, ते आत रुतून बसतात. पेपर घेताना 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' एवढंच आपण वाचतो. त्या दोन शब्दांच्या पोटात एवढं सगळं आहे.

आपल्या देशात पॉलिथीन बनायला लागलं १९५९ मध्ये, बंगालमधल्या रिश्रा इथं. शेतीतल्या प्लास्टिकसाठी केंद्रानं राष्ट्रीय समिती नेमली ती १९८१ मध्ये. आणि या रक्षकांवरचं शास्त्र काही फक्त परदेशात झालं असं नाही. आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, उजेडानं पॉलिमर कसं मोडतं आणि हाल्स त्याला कसा आवरतो, यावर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम करून निबंध लिहिलेत. मी त्या फाटकासमोरून किती वेळा गेलो असेन. आत आपल्या छताचा अभ्यास चालतो हे ठाऊकच नव्हतं.

मावळात पॉलिहाऊस आलं ते १९९१ नंतर. बाजार मोकळा झाला, मोठ्या कंपन्या हॉलंड-इस्रायलचं तंत्र घेऊन निर्यातीच्या गुलाबात उतरल्या. तळेगाव, वडगाव, कामशेत, पवनानगर हा पट्टा त्यांना पटला, कारण सहाशे मीटरच्या आसपास उंची, उन्हाळा फार कडक नाही, थंडी बेताची, पाणी आहे, आणि मुंबईचं विमानतळ एका रात्रीत गाठता येतं. तळेगावला एमआयडीसीनं फुलांसाठी वेगळं पार्कच काढलं, पणन मंडळाचं प्रशिक्षण केंद्रही तळेगावलाच. २००५ नंतर राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाचं अनुदान आलं तेव्हा आमच्यासारखे दहा गुंठे, वीस गुंठेवाले आत शिरले. सांगाडा कसा उभा करायचा, रोप कुठलं, खत किती, सगळं प्रशिक्षणात शिकलो. पेपरबद्दल शिकवलं ते एवढंच, की ताठ ओढा आणि स्प्रिंग नीट बसवा.

त्यात ऊन आपलं. हॉलंडात एका चौरस मीटरवर वर्षाला साधारण १००० युनिट ऊन पडतं, पुण्याकडं १८०० ते २०००. म्हणजे तिकडं चार वर्षं पुरेल असा रक्षकाचा साठा इकडं जेमतेम दोन वर्षांत खर्ची पडायचा. चांगल्या कंपन्या हे धरूनच आपल्याकडचा पेपर बनवतात. पण तिकडच्या जुन्या मालाचे रोल इकडं स्वस्तात विकणारेही असतात, तेवढं जपा.

आता गंधक. भुरीवरचं हे सगळ्यात जुनं औषध. इंग्लंडात मार्गेटला १८४५ साली टकर नावाच्या माळ्याला द्राक्षाच्या वेलावर भुरी दिसली, आणि त्यानं गंधक वापरून ती आवरली. नाशिकची द्राक्षं असोत की आपले गुलाब, गंधकावाचून अजून भागत नाही. बाहेरच्या शेतात त्यात काही वावगं नाही. बंद घरात मात्र गोष्ट वेगळी होते.

रात्री पडदे पाडून आपण बर्नर लावतो. गंधक वितळून त्याची वाफ व्हावी, ती पानांवर बसावी, असा बेत असतो. पण बर्नर जास्त तापला की गंधक पेटतं, त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. आणि मावळात जून ते ऑक्टोबर पेपरच्या आतल्या बाजूला रात्रभर दवाचे थेंब लोंबत असतात. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आमच्याकडं पवन मावळात त्याहून कमी, पण हवा ओली ती ओलीच. थेंबात तो वायू विरघळला की आम्ल झालं. ते आम्ल पेपरला चिकटून बसतं.

आणि हाल्स आहे अमाइन, म्हणजे अल्कली गुणाचा. आम्ल आणि अल्कली भेटले की मीठ बनतं, हे आपण सातवी-आठवीत शिकलो. हाल्सचं मीठ झालं की त्याला ते कामाचं रूप घेता येत नाही. राखणदार जागेवरच आहे, पण हात बांधलेले. इकडं ऊन रोज मोकाट तुकडे सोडतंय आणि धरायला कुणी नाही. क्लोरीनवाली औषधंही असंच करतात. म्हणून पेपरच्या कंपन्या हमीत गंधक आणि क्लोरीनची पीपीएममध्ये मर्यादा घालतात आणि तक्रार आली की पहिल्यांदा तेच मोजतात. त्यांची चलाखी असेल असं मला वाटलं होतं. नाहीये. पण विकताना दुकानदारानं एका वाक्यात सांगितलं असतं तर काय बिघडत होतं, हा राग माझा अजून गेलेला नाही. भुरीला गंधक जाळा असं सांगणारा आणि पेपर विकणारा कधीकधी एकच माणूस असतो.

यावरही तोड निघाली आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटाकडं सिबानं हाल्सचा असा प्रकार आणला, ज्यात अमाइनचा अल्कली गुण जवळजवळ झाकून टाकलाय. आम्लाला धरायला त्यात काही सापडतच नाही. 'नॉर' प्रकारचा हाल्स म्हणतात त्याला. बाजारात 'अँटी-सल्फर' म्हणून जो महाग पेपर मिळतो त्यात हे किंवा असंच काहीतरी असतं. त्यालाही मर्यादा आहे, फक्त ती जास्त आहे. दुकानात विचारताना 'अँटी-सल्फर आहे का' एवढं विचारून थांबू नका, 'गंधक किती पीपीएमपर्यंत चालेल ते लेखी द्या' म्हणा.

पाइपाची गोष्ट राहिली. माझा पेपर पाइपावरच आधी का मोडला? लोखंडी पाइप दुपारी चांगलाच तापतो, हात ठेववत नाही. ढोबळ हिशेबानं दर १० अंशांना असल्या क्रियेचा वेग दुप्पट होतो. म्हणजे पाइपावरची बोटभर पट्टी बाकी पेपरच्या कितीतरी पुढं म्हातारी होते, आणि एकदा ती फाटली की वाऱ्याला धरायला कड मिळते. तिथं पेपरवरून बाहेरच्या बाजूनं पाण्यात कालवलेला पांढरा रंग मारायचा, ही साधी युक्ती. टर्पेंटाइनवाला ऑइलपेंट नको. आणि पीव्हीसीचा पाइप पेपरला टेकवू नका, त्यात क्लोरीन असतं. मी कडेला जुगाड म्हणून पीव्हीसीच लावला होता!

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मावळातली किती पॉलिहाऊस झोपली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या वाऱ्यापुढं नवा पेपरही टिकला नसता, सांगाडेच वाकले, तेव्हा त्याचं खापर गंधकावर फोडणार नाही. पण दरवर्षी वळवाच्या साध्या वावटळीत जी छतं जातात, त्यातली बरीचशी आधीच खवट झालेली असावीत असं माझं मत आहे. प्रयोगशाळेत पेपर ताणून बघतात. नवा असताना जितका ताणून तुटायचा त्याच्या निम्म्यावर आला की त्याचं आयुष्य संपलं असं धरतात. दिसायला तो तेव्हाही धड असतो. आपण हे हातानं करू शकतो. कडेचा दोन बोटं रुंद तुकडा कापायचा आणि ओढायचा. नवा पेपर च्युइंगमसारखा लांबतो. थोडा लांबून फट्‌कन तुटला तर पावसाळ्याची वाट बघू नका.

याच विद्येची उलटी बाजूही सांगतो, कारण मल्चिंगवाले विचारतीलच. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठातले जेराल्ड स्कॉट म्हणजे या ऑक्सिडेशनच्या विषयातले मोठं नाव, १९६५ साली त्यांनी त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच माणसानं इस्रायलच्या डॅन गिलिआड यांच्यासोबत असा मल्चिंग पेपर काढला, की पीक निघेपर्यंत टिकायचं आणि मग ठरल्या वेळी आपोआप मोडायचं. राखणदार ठरावीक दिवसांचाच नेमला म्हणा. पुढं लोखंड, कोबाल्ट, मँगनीजचे क्षार घालून लवकर मोडणाऱ्या पिशव्यांचा धंदा सुरू झाला. पण मोडणं म्हणजे कुजणं नव्हे. तुकडे बारीक होतात, जमिनीत राहतात. युरोपनं २०१९ च्या कायद्यानं असलं प्लास्टिक बंद केलं, ते मला पटतं. माझ्या वरच्या वाफ्यात नांगरताना अजून जुन्या मल्चिंगच्या चिंध्या वर येतात.

तसाच हा उतरवलेला पेपर. भंगारवाल्यानं हातात धरून चुरगाळला आणि निम्मा भाव सांगितला. खवट झालेल्या पेपरचा पुन्हा चांगला माल होत नाही, साखळ्याच तुटलेल्या असतात. अनुभवानं तो हे जाणतो, त्याला कुणी हाल्स शिकवलेला नाही. थोडा पेपर गोठ्यावर घालायचं घरचे म्हणत होते. नको म्हणालो. वर्षभरात त्याचा चुरा गव्हाणीत पडला असता.

नवा पेपर परवा चढवला. जरा महागातला घेतला, गंधकाचा आकडा लेखी घेतला. पाइपाच्या रेषांवर पांढरा रंग मारला, पीव्हीसी काढून टाकला. बर्नर विकले नाहीत, भुरी काही सुट्टीवर जात नाही. पण आता आधी छाटणी आणि हवा खेळती ठेवणं, मग बाकीची औषधं फिरवून फिरवून, आणि गंधक शेवटी, तेही तासाच्या हिशेबानं. पेटतंय का ते बघायला रात्री एक चक्कर. रोलचे दोन तुकडे उरले होते. एक आत खांबाला बांधलाय, एक बाहेर विहिरीच्या कठड्याजवळ, जिथं गंधक पोचत नाही. बाहेरच्याला वारा-पाऊस जास्त, त्यामुळं तुलना अगदी शास्त्रशुद्ध नाही, पण दर तीन महिन्यांनी दोन्हीतली एकेक पट्टी कापून ओढून बघणार आहे. दाराजवळ वही टांगलीय. वर पेपर चढवल्याची तारीख, खाली बर्नर लावलेल्या रात्रींच्या रेघा. आजपर्यंत तीन झाल्यात.